नापास विंग

घणाने ज्या उजव्या हाताने एका माणसाचा डोळा कायमचा घालवला, त्याच हाताने पुढे अकरा वर्षं त्याने उडणाऱ्या लोकांच्या विंगा शिवल्या. घण हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कत्तलखान्यात तो सोललेली अर्धी जनावरं खांद्यावरून गाडीत टाकायचा, तेव्हा त्याची मूठ बघून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच.

घरात मार हा रोजचाच होता. बाप पट्ट्याने मारायचा. चौदाव्या वर्षी घण बापाच्या उंचीला आला आणि त्याच आठवड्यात त्याने तो पट्टा हिसकावून बापालाच फोडून काढलं. बहीण दाराच्या कोपऱ्यात उभी राहून बघत होती. मधे पडायचं तिला सुचलं नाही, की पडावंसं वाटलं नाही, हे तिने कधी सांगितलं नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी मुकादमाचं प्रकरण झालं. कारण विचाराल तर अगदीच फालतू. मुकादमाने चालता चालता त्याच्या जेवणाच्या डब्यावर पाय दिला आणि हसला. घणाने तीन गुद्दे घातले. पहिल्यालाच मुकादम खाली बसला होता. दुसऱ्याला त्याने हात वर केले होते. तिसरा कशासाठी मारला हे घणाला कोर्टात सांगता आलं नाही. डोळा त्या तिसऱ्याने गेला.

चार वर्षं आत काढली. तिथे त्याला शिवणखात्यात टाकलं. तंबू, पोती, गाद्यांच्या खोळी. यंत्राला दांडगाई चालत नाही, जोर लावला की सुई मोडते, हे कळायला त्याला पहिल्या महिन्यात एकोणीस सुया मोडाव्या लागल्या. मग हात हळूहळू ऐकायला लागला.

सुटल्यावर बहिणीनेच त्याला बाईंकडे नेलं. बाई म्हणजे पॅराग्लायडरच्या विंगा, डोक्यावर पसरणारे ते कापडी पंख, दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या मालकीण. तेव्हा साठीच्या, काटकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गुडघा निकामी होईपर्यंत स्वतः उडालेल्या. त्यांनी घणाला बसायलाही सांगितलं नाही.

"आत कशासाठी होतास?"

"एकाचा डोळा फोडला."

"आणि इथे राग आला तर? कापड फाडशील?"

"सुई मोडते," घण म्हणाला.

बाईंनी चष्मा लावून त्याच्याकडे नीट बघितलं आणि निळ्या कापडाचा एक तुकडा पुढे सरकवला. "सरळ शिवून दाखव. हे साबणासारखं निसटतं, सांगून ठेवते."

कारखाना म्हणजे एकच लांबलचक खोली. खिडक्या सगळ्या उत्तरेला, कारण ऊन या कापडाला खातं. मधोमध बारा मीटरचं टेबल, छताला विंग टांगायचे आकडे, कोपऱ्यात दोरी ताणून तोडायचं यंत्र. तिथे घण शिकला. चिखल लागलेली विंग साध्या पाण्याने पुसायची, साबण लावायचा नाही. ओली गुंडाळायची नाही, उन्हात वाळवायची नाही, गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवायची नाही. बोटभर फाटलं तर चिकटपट्टी, जास्त फाटलं तर शिवण, शिवणीजवळ फाटलं तर अख्खा पट्टा बदलायचा. कापडातून हवा किती वेळात झिरपते ते मोजायचं, म्हणजे ते किती म्हातारं झालंय ते कळतं. माणूस ज्यांना लटकतो त्या शेकडो दोऱ्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि खालच्या दोऱ्यांतली एक सोडवून यंत्रावर तोडून बघायची. विंग मिटली तर हाताने फेकायची राखीव छत्री असते, ती दर वर्षी उघडून, टांगून, हवा देऊन पुन्हा घडी घालायची. नाहीतर घड्या एकमेकींना चिकटून बसतात आणि नेमक्या वेळी उघडत नाहीत.

माणसांशी बोलताना घण चार शब्दांपलीकडे जायचा नाही, पण विंग नीट न ठेवणाऱ्याला तो असा काही सोलून काढायचा की लोक पिशवी बाईंच्या हातात देऊन पळ काढत. "ही विंग आहे की पायपुसणं?" तो विचारायचा. "बायकोला सांगून आलायस ना घरी, की परत येशील म्हणून?"

त्याची एक सवय होती. तपासलेल्या विंगेच्या हवा भरायच्या कप्प्यांपैकी मधल्या कप्प्यात, तोंड आत घातल्याशिवाय दिसणार नाही अशा आतल्या पडद्यावर, तो न पुसल्या जाणाऱ्या शाईने तारीख आणि निकाल लिहायचा. बाई म्हणायच्या, "कागदावर आहे की सगळं." घण म्हणायचा, "कागद हरवतो."

अकराव्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कप्तान नऊ विंगा घेऊन आला. उडायला शिकवणारी आणि हौशी लोकांना पायलटच्या पुढ्यात बांधून उडवून आणणारी शाळा त्याची होती. गोरागोमटा, तोंडात साखर. बाईंना "आई" म्हणायचा आणि घणाला "वस्ताद".

सात विंगा पास झाल्या. दोन जणांच्या वजनाच्या दोन विंगांपैकी एक जेमतेम पास झाली. दुसरी, लाल रंगाची, घणाने टेबलावर पसरली आणि हात फिरवताच त्याला कळलं. कापड जुन्या पोलक्यासारखं विरलं होतं. सुई लावलेल्या वजनकाट्याने ओढलं तर जिथे टिकायला हवं त्याच्या निम्म्यातच फाटलं. खालची दोरी दोनशे किलोला तुटली असती तरी त्याने नाक मुरडलं असतं. ती ऐंशीला तुटली. राखीव छत्रीची घडी तीन वर्षांपूर्वीची होती.

कप्तान न्यायला आला तेव्हा लाल विंग वेगळ्या पिशवीत होती.

"ही भंगारात," घण म्हणाला.

"वस्ताद, हंगाम तोंडावर आलाय. एवढा हंगाम काढू दे. शिक्का मार, पुढच्या वर्षी मीच जाळतो तिला."

"आत्ता जाळ."

कप्तान हसला. त्या हसण्याने घणाच्या मानेवरची शीर ताठ झाली. कप्तानाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं काय आभाळ कोसळतंय? तू काय देव लागून गेलास? चार वर्षं आत काढलेला माणूस तू, तुझ्या शिक्क्याची किंमत मी वाढवली."

घणाने त्याचं मनगट धरलं आणि खांद्यावरून उचलून टेबलावर ठेवलं. सावकाशच ठेवलं, पण सोडलं नाही. कप्तानाचा चेहरा पांढरा पडला, बोटं निळी झाली. शेवटी बाईंनी लाकडी पट्टी टेबलावर आपटली. "घणा, सोड."

त्याने सोडलं. कप्तान सगळ्या पिशव्या घेऊन गेला. लाल विंगही, कारण ती त्याची होती आणि दुसऱ्याची विंग अडवून ठेवायचा हक्क कुणालाच नव्हता. त्याने मागितला नसतानाही घणाने नापासाचा कागद त्याच्या खिशात कोंबला. "फाडून टाकशील," तो म्हणाला, "तरी घे."

पाच आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, डोंगरावर बचावाचं काम करणाऱ्यांची गाडी कारखान्यासमोर थांबली. अपघाताचं सामान ते नेहमी बाईंकडेच आणत. दोघांनी एक गाठोडं टेबलावर टाकलं. लाल. झाडाच्या फांद्या, माती, आणि माणूस ज्यात बांधतात त्या हार्नेसवर सुकत आलेलं रक्त.

"मुलगी जागेवर गेली," त्यातला एक म्हणाला. "पायलटचं कंबरेचं हाड मोडलंय, पण शुद्धीवर आहे. म्हणतो, डाव्या बाजूच्या दोऱ्या पटापट तुटल्या. राखीव छत्री फेकली तर ती पुडक्यासारखी खाली लोंबत राहिली. उघडली तेव्हा जमीन आली होती."

"मुलगी केवढी?" बाईंनी विचारलं.

"बावीस-तेवीस. नोकरी लागली म्हणून भावांनी उडायला पाठवलेलं. दोघं भाऊ खाली शेतात उभे राहून व्हिडिओ काढत होते."

मग त्याने खाली मान घालून सांगितलं, "शाळेत तपासणीचा कागद आहे, घणा. तुझा शिक्का आहे त्यावर. सही पण."

बाईंनी पोलिसांना फोन लावला: विंग इथे आहे, येऊन सील करा, तोवर आम्ही बोट लावणार नाही. पोलीस म्हणाले, अर्धा तास. गाडी निघून गेली. घण हात मागे बांधून टेबलापाशी उभा राहिला आणि ज्या दोऱ्या तुटल्या होत्या त्यांच्या टोकांकडे बघत राहिला.

पोलिसांच्या आधी भाऊ आले.

थोरला ट्रक दुरुस्त करायचा, त्याच्या हातात चाकाचे नट खोलायचा लांब पाना होता. धाकट्याच्या अंगात बहिणीला उचलताना भिजलेलाच शर्ट होता. थोरल्याने विचारलं, "शिक्का कुणाचा?"

"शिक्का माझ्या नावाचा आहे," घण म्हणाला. "मारला मी नाही."

पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. पाना बरगडीवर बसला. दुसरा खांद्यावर. घण टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला. त्याची मूठ आपोआप वळली होती. थोरल्याचा जबडा हातभर अंतरावर, उघडा. कुठे मारलं की माणूस खाली बसतो हे घणाला पाठ होतं, आणि तिसऱ्या गुद्द्याला काय होतं तेही. त्याने मूठ टेबलावर उघडी ठेवली. थोरल्याने त्या उघड्या हातावर पाना घातला. बोटं मोडल्याचा आवाज बाईंनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकला.

इतक्यात धाकट्याने भिंतीवरची कापड कापायची मोठी कात्री काढली आणि तो त्या लाल विंगेवर तुटून पडला. ओरडत नव्हता. नुसता कापत होता, टरकावत होता, जसं काही ते कापडच आत कुठेतरी जिवंत होतं. एक टोक चिंध्या झालं. कात्री मधल्या कप्प्यांकडे सरकायला लागली तेव्हा घण पहिल्यांदा जोरात बोलला.

"ते कापू नको. मधलं कापू नको."

धाकट्याला तेच हवं होतं. तो मधल्याच भागावर गेला. घणाने टेबलावर उडी घेतली आणि विंगेवर पालथा पडला, मोडका हात पोटाखाली घेऊन. कात्री त्याच्या पाठीत शिरली, खांद्याच्या हाडाला लागून घसरली, पुन्हा शिरली. थोरला पायांवर पाना मारत होता. घणाने दातांत कापड धरलं आणि तो हलला नाही.

बाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी मीटरची लोखंडी पट्टी उचलली आणि तिची कड थोरल्याच्या कानशिलावर मारली. त्याचा कान फाटला. तो वळला, पाना वर गेला, आणि समोर ही मूठभर म्हातारी बघून तसाच वर राहिला.

"मार," बाई म्हणाल्या. "पण आधी वाच. वाचता येतं ना?"

त्यांनी त्याची कॉलर धरली, घणाच्या दंडाखालून विंगेच्या मधल्या कप्प्याचं तोंड उघडलं आणि त्याचं डोकं आत दाबलं. "मधला पडदा. काय लिहिलंय?"

कापडाच्या आतून थोरल्याचा घोगरा आवाज आला. "नापास. उडवू नये." मग तारीख. पाच आठवड्यांपूर्वीची.

त्याने डोकं बाहेर काढलं. कानातून रक्त मानेवर उतरत होतं. त्याने घणाकडे बघितलं, त्याच्या पाठीकडे बघितलं, भावाच्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. "मग कागद कुणी दिला?"

विचारता विचारताच त्याला उत्तर मिळालं. दोघं निघाले. पाना हातातच होता.

"ते त्याला मारून टाकतील," बाई म्हणाल्या.

"टाकू दे," घण टेबलावरूनच म्हणाला. मग थोड्या वेळाने तो उठून बसला. पाठीवर बाईंनी दाबून धरलेलं फडकं भिजत होतं. "बाई, गाडी काढा."

बाईंनी कारखान्याला कुलूप घातलं आणि पोलिसांना फोन करून कप्तानाच्या शाळेवर बोलावलं. कशासाठी चाललोय हे घणाचं घणालाच नक्की नव्हतं, हे त्याने पुढे बहिणीला सांगितलं. अर्धं मन भावांना अडवायला निघालं होतं. उरलेलं अर्धं निघालं होतं, आपल्या वाटणीचं शिल्लक राहिलंय का ते बघायला.

शाळेचं गोदाम उताराच्या पायथ्याशी होतं. दार उघडंच. आत कप्तान जमिनीवर, हार्नेसच्या ढिगाला टेकून पडलेला. एक पाय चुकीच्या दिशेला वळलेला. धाकटा बाजूला बसून ओकत होता. थोरला एकेक फटका मोजून मारावा तसा मारत होता. कप्तानाने दारात घणाला बघितलं आणि तोंडातलं रक्त गिळून म्हणाला, "वस्ताद, सांग ना याला."

घण दारात उभा राहिला.

एक. कप्तानाच्या हाताचं हाड. दोन. बरगड्या. बाईंनी मागून त्याला ढकललं, तो हलला नाही. तीन. त्याला मुकादमाचा चेहरा आठवला नाही, बापाचा पट्टा आठवला नाही, काहीच आठवलं नाही. नुसतं बरं वाटत होतं, उन्हात पाठ शेकावी तसं, आणि बरं वाटतंय हे त्याला कळत होतं. चार. दात. पाच.

मग थोरल्याने पाना दोन्ही हातांनी डोक्याच्या वर घेतला. आता तो कुठे बसणार हे घणाला दिसलं. तो पुढे गेला, चांगल्या हाताने थोरल्याचं मनगट वरच्या वर धरलं आणि पिळलं. पाना खाली पडला. थोरला त्याच्या अंगावर आला, चावला, लाथा मारल्या. घणाने त्याला छातीशी आवळून धरलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही. वीस मिनिटं. त्यातल्या पहिल्या दहा मिनिटांत थोरला शिव्या देत होता. नंतर तो बहिणीला हाका मारायला लागला.

कप्तानाच्या टेबलाच्या खणात तो खोटा शिक्का सापडला. घणाच्या जुन्या कागदांवरून बनवून घेतलेला, अक्षर न् अक्षर तसंच. आणि सील केलेल्या विंगेचा मधला पडदा, घणाच्या अंगाखाली वाचलेला, कोर्टात खिडकीसमोर धरून दाखवला गेला. कप्तानाला सात वर्षांची शिक्षा झाली. आता तो काठी घेऊन चालतो. थोरल्याला दीड वर्ष झालं, धाकट्याला सहा महिने.

घणाची साक्ष दोन्ही खटल्यांत झाली. दुसऱ्या खटल्यात थोरल्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही गोदामात पोचल्यावर लगेच मधे पडलात?"

सरकारी वकिलाने आधीच बजावलं होतं, याला फक्त हो म्हणायचं.

"नाही," घण म्हणाला. "पाच फटके बघितले. सहाव्याला धरलं."

"का थांबलात?"

"मलाही मारायचं होतं."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. बहीण मागच्या बाकावर बसली होती. तिने नजर खाली घातली नाही. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मीही तेव्हा दारातच उभी होते." घणाला बापाचा पट्टा आठवायला थोडा वेळ लागला. मग दोघं बसच्या थांब्यापर्यंत चालत गेली.

उजव्या हाताची दोन बोटं वाकड्या जागी जुळली. त्यांनी बारीक दोरीची गाठ येत नाही. ते काम आता बाई करतात, भिंग लावून, पुटपुटत. कापड तपासणं, विंग धुणं, राखीव छत्रीची घडी घालणं घण डाव्या हाताने करतो. वेळ दुप्पट लागतो. पाठीतले टाके हवा बदलली की ओढतात आणि मग त्याच्या शिव्या आणखी वाढतात.

निकालानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी मुलीची आई आली. आधी फोन केला नव्हता. दारातच तिने सांगितलं कोण आहे ते, आणि विचारलं, "दोरी कशी तपासतात ते दाखवाल का?"

बाईंनी घणाकडे बघितलं. त्याने दुसऱ्या एका विंगेची चांगली दोरी घेतली, यंत्राच्या दोन आकड्यांत अडकवली आणि दांडा तिच्या हातात दिला. "सावकाश ओढा. आकडा बघत राहा."

ती ओढत राहिली. शंभर. दीडशे. दोनशे. तिचा जोर कमी पडायला लागला तेव्हा घणाने डाव्या हाताने दांड्याला आधार दिला. दोनशे चाळीसला गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि दोरी तुटली. ती दचकून मागे सरली.

"आणि तिची?"

"ऐंशी."

तिने तुटलेलं टोक बोटांत धरलं. "खरं सांगा. तिला कळलं असेल?"

बाई पुढे झाल्या, पण घण आधी बोलला.

"कळलं असेल. पंधरा-वीस सेकंद. त्याहून जास्त नाही."

आईने मान हलवली. "सगळे म्हणतात, काही कळलं नसेल. मला माहीत होतं ते खोटं बोलतायत." ती स्टुलावर बसली. बाईंनी पाणी दिलं, ते तिने निम्मं प्यायलं. मग तिने सांगितलं की धाकटा सुटून आलाय, थोरल्याला अजून आठ महिने आहेत, आणि तो पत्रांत काहीच लिहीत नाही, नुसता कागद सही करून पाठवतो.

"तुम्ही लिहा त्याला," घण म्हणाला. "त्याचं नाही आलं तरी लिहा. आतून उत्तर लवकर सुचत नाही."

ती गेल्यावर बाईंनी ग्लास उचलला. घणाने टेबलावरची पुढची पिशवी ओढली, चेन उघडली आणि आत नाक घातलं.

"ओली भरलीय," तो म्हणाला. "कोण आहे हा? बोलवा त्याला."